लोणी रडतंय म्हणे

ताई,

नमस्कार खाली कुठेतरी घालते, आधी मला एवढं सांग की आईच्या लोण्याच्या फळ्यांना भोक पाडून त्या भिंतीवर टांगायची अक्कल तुला कोणी दिली? तुझा मुलगा परवा भोपळे न्यायला आला होता, त्याच्या तोंडून कळलं. मोठ्या कौतुकानं सांगत होता, पुढच्या खोलीत सोफ्याच्या वर दोन्ही फळ्या फुलीसारख्या एकीवर एक ठोकल्यात आणि येणारा-जाणारा विचारतो, हे कुठलं वाद्य. वाद्य! आईनं सुताराच्या डोक्यावर बसून ज्या तासून घेतल्या, रेघा खोल नाहीत म्हणून त्याच्या दारात नेऊन आपटल्या, दोन फळ्यांमध्ये लोणी दाबलं की ज्या रेघांमधून त्यातलं पाणी घागरींनी गळालं, त्या आता तुझ्या सोफ्यावर वाद्य म्हणून लोंबतायत. आणि खिळा ठोकला तो दांड्याला नाही, पार पोटात. मी म्हटलं, भोक केवढं आहे रे? तर म्हणे, लहान आहे, काकू. (मावशी म्हणायचं का काकू म्हणायचं हे त्याला अजून ठरवता येत नाही. दोघी बहिणी एकाच घरात दोघा भावांना दिल्या की पोरांची ही पंचाईत.) लहान आहे म्हणे. दाताला पडतं तेही आधी लहानच असतं.

मला त्या फळ्या नको आहेत, हे इथेच लिहून ठेवते, म्हणजे पुढे तुझा गैरसमज नको. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय मला नाही. हवं असतं तर सरळ लिहिलं असतं की ताई, फळ्या दे. मी लोणी हातानं मळते, हे गावातलं कुत्रंसुद्धा सांगेल. फळ्यांनी लोणी मळणं म्हणजे हातमोजे घालून पोराला न्हाऊ घालणं, असं मी तुझ्या तोंडावर बोलले होते, तेही चार बायका बसलेल्या असताना, आणि तू त्यावर माझ्याशी अबोला धरला होतास. ते अजूनही तसंच म्हणते. माझं म्हणणं एवढंच की वस्तू वस्तूच्या जागी असावी. उद्या तू चरवीत फुलं लावशील आणि गायीची घंटा दाराला बांधशील. (बांधली असलीस तर मला कळवू नकोस.)

आता नमस्कार. भावजींनाही सांग. त्यांचा खोकला कसा आहे? खिडकीत बसू देऊ नकोस, त्यांना रस्त्यावरची भांडणं बघायला आवडतात आणि मग घसा धरतो. तुझे गुडघे कसे आहेत? (गुडघ्यांचं उगाच विचारत नाही. त्यांचं पुढे काम आहे.) इकडे सगळं बरं आहे. तुझे दीर बरे आहेत, म्हणजे जेवतात, सायकल चालवतात आणि विचारलं तर मान हलवतात. हो म्हणाले का नाही म्हणाले ते मानेवरून ओळखायला मला निम्मं आयुष्य गेलं. लाल गाय दूध देते आहे, काळी आटली आहे, वासरू दांडगं निघालं, त्यानं माझा पदर खाल्ला. अक्षराला नावं ठेवू नकोस. शाळेत तुला घातलं आणि वासरांमागे मला, तेव्हा तू अक्षर बघ आणि मी वासरू बघते. एरवी मी टपालवाल्याच्या बायकोकडून लिहून घेते, हे तुला माहीत आहे. या वेळेला नाही घेतलं. तिला सांगितलेलं पत्र पेटीत पडायच्या आधी गावभर वाटून झालेलं असतं, आणि ही गोष्ट वाटण्यासारखी नाही.

तर ऐक. बेकरीवाल्यानं लोणी परत पाठवलं.

आपलं लोणी, ताई. त्याच्या गल्ल्याशेजारची काचेची पेटी तुला आठवत असेल, दारातून पाऊल टाकलं की पहिली नजर तिच्यावर जाते. तू मळत होतीस तेव्हापासून त्या पेटीत आपला तीन पानांचा ठसा बसलाय. गिऱ्हाईक नाव विचारत नाही, तीन पानांचं द्या म्हणतं. खालच्या फळीवर, बिस्किटांच्या डब्यांमागे, कोपऱ्यावरचीचं लोणी असतं, चांदणीच्या ठशाचं. (कोपऱ्यावरची म्हणजे तीच, गिरणीच्या वळणावर राहते, हसताना तोंडापुढे हात धरते आणि हात काढल्यावर टोमणा मारते.) तर त्या पेटीतून उचलून त्यानं आपलं लोणी तुझ्या दिरांच्या हातात दिलं आणि निरोप दिला. तुझे दीर निरोप जसाच्या तसा आणतात, त्यात स्वतःचं मीठ घालत नाहीत. दारात सायकल टेकवली आणि म्हणाले, ‘लोणी रडतंय म्हणे.’

मी म्हटलं, रडतंय म्हणजे? त्यांनी मान हलवली. मग मी कागद सोडला. ताई, तुला काय सांगायचं, तू जन्मभर तेच केलंस. गोळ्यावर सगळीकडे पाण्याचे थेंब, ओझं वाहून आलेल्या माणसाच्या कपाळावर असतात तसे. तीन पानांतलं मधलं पान पसरून भाकरीएवढं झालेलं. बोट लावलं तर आत जातं. थंडीचे दिवस, बोलताना तोंडातून वाफ निघते, आणि लोणी मात्र उन्हाळ्यातल्यासारखं सुटलेलं. लोण्यातलं पाणी मळून मळून काढलं नाही की ते आत दबा धरून बसतं, मग बाहेर येतं, मग दोन दिवसांत सगळं खवट. हे आपल्याला दुधाच्या दातांबरोबर कळलेलं आहे. आणि माझ्या लोण्यात पाणी? माझ्या?

मी लगेच ओळखलं. दोष गायीचा होता.

लाल गाय तुला आठवते ना, जिला आपण मास्तरीण म्हणतो, कारण ती अशी बघते की जणू तुझं गणित चुकलंय आणि तिनं ते पाहिलंय. मी गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. तो नवा आहे, अजून मिशी नीट फुटलेली नाही, पण हात स्वच्छ. त्यानं तिचे डोळे पाहिले, कास चाचपली, पोटाला कान लावला, शेण काडीनं उकरून उन्हात धरलं. मास्तरीण त्याच्याकडे बघत होती आणि तो तिच्याकडे, दोघांचं पटलेलं दिसलं. म्हणाला, ‘बाई, गाय ठणठणीत आहे. अशी गाय मी या महिन्यात पाहिली नाही.’ मी म्हटलं, नीट बघ, तिच्यात उष्णता आहे. तो म्हणाला, ‘गायीत नाही.’ मग माझ्याकडेच टक लावून म्हणाला, ‘तुम्ही जरा बसता का? तोंड लाल झालंय तुमचं. पाणी आणू?’ मी म्हटलं, तू गुरांचा डॉक्टर आहेस, गुरांपुरतं बोल. तो गेला. जाताना त्यानं मास्तरणीच्या पाठीवर थाप मारली, मला मारली नाही एवढंच.

गाय नाही, तर मग खोली. हे मला आधीच कळायला हवं होतं. आपली लोण्याची खोली, मागच्या बाजूची, दगडी फरशीची, आता चांगली काळवंडली आहे, आणि काळी भिंत ऊन खाते. (ऊन तिथे पोचतच नाही असं तुझे दीर मानेनं सुचवत होते. मी तिकडे बघितलं नाही.) मी त्यांना चुना कालवायला लावला आणि सगळी खोली, वरपासून खालपर्यंत, पांढरी करून घेतली. ते शिडीवर, मी खाली. मी खालून सांगत होते कुठे राहिलं, आणि ते वरून चुना सांडत होते. माझ्या मते मुद्दाम. खोली अशी चकचकीत झाली की मी दारात उभी राहिले आणि मला हलकं वाटलं. त्याच खोलीत मी त्या आठवड्याचं लोणी काढलं, धुतलं, मीठ लावलं, मळलं, ठसा मारला, ओल्या कागदात बांधलं आणि झाकून ठेवलं.

आता तू हसशील. हस. मी विसरले. लोणी ही चहाडखोर बाई आहे, शेजारी जे असेल ते उचलते आणि चारचौघांत जाऊन सांगते. कांदा ठेवा, कांदा सांगेल, रॉकेल ठेवा, रॉकेल सांगेल. हे मीच सगळ्या आळीतल्या सुनांना शिकवत फिरते. दुसऱ्या शुक्रवारी तुझे दीर परत आले, सायकल टेकवली आणि म्हणाले, ‘पाणी आहेच म्हणे. वर भिंत चाटल्यासारखं लागतंय म्हणे.’ त्या दिवशी मला पहिल्यांदा असं वाटलं की हा माणूस न बोलणाराच बरा होता.

खोली नाही, तर पाणी. धुवायचं पाणी. विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं, हे खरं आहे का नाही? लोणी धुताना पाणी गार पाहिजे, कण्या कशा टणक राहायला पाहिजेत, एकीला दुसरी चिकटता कामा नये. म्हणून मी बर्फ आणायचं ठरवलं. बर्फ मिळतो कुठे, तर मासेवालीकडे. तिच्या पेटीपुढे मी बादली घेऊन उभी, अंगावर शाल न घेता, (मला हल्ली शाल सोसत नाही, टोचते) आणि ती डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून बसलेली. म्हणाली, ‘अगं बाई, लोक शेकोट्या करतायत आणि तू बर्फ नेतेस? कोणासाठी?’ मी म्हटलं, लोण्यासाठी. ती म्हणाली, ‘लोणी थंडीनं कुडकुडतंय आणि तू त्याला बर्फ घालतेस,’ आणि तिच्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर हसली. बर्फ मात्र दिला. मी घरी आणून चांगला धुतला. ताई, मी तो बर्फ इतका धुतला की शेवटी मुठीएवढा राहिला.

पुढचं तुला मांजरानं सांगितलं असतं. तुझे दीर तिसऱ्या शुक्रवारी लोणी घेऊन निघाले तेव्हा शिंपिणीचं मांजर सायकलच्या मागून चालायला लागलं. पुलापर्यंत चाललं. पूल ओलांडला. बाजारात दुसरं एक मांजर येऊन मिळालं. बेकरीच्या दारात ते पोचले तेव्हा मागे वरात. बेकरीवाल्यानं कागद सोडलासुद्धा नाही. मांजरांकडे पाहिलं, तुझ्या दिरांकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘यांना कळलंय, मला कळायची गरज नाही.’ हे सगळं मला तुझ्या दिरांनी एकसलग सांगितलं. एवढं लांब ते आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच बोलले. सांगताना त्यांचे खांदे हलत होते. मी काही म्हटलं नाही. म्हणजे म्हटलं, पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

शिंपिणीचं मांजर आलं तसा तिचा मुलगाही मध्ये येतो. तो तापानं फणफणला होता. आपल्या आळीत कोणाला ताप चढला की मला बोलावतात, हे तू इथे होतीस तेव्हापासून चालू आहे. माझा हात कपाळावर ठेवला की पट्टीची गरज नाही, असं सगळे म्हणतात. (तू म्हणायचीस, हिचे हात म्हणजे मेलेल्या माणसाचे. जळायचीस.) गेले, खाटेच्या कडेला बसले, हात ठेवला. पोरानं डोळे उघडले आणि म्हणालं, ‘काकू, हात काढा ना, तवा ठेवल्यासारखं वाटतं.’ शिंपीण ओशाळली, म्हणाली, तापात बरळतोय. मीही तेच म्हटलं, बरळतोय. बरळणाऱ्या पोराला तव्याचीच उपमा बरोबर कशी सुचली, हे मला अजून कळलेलं नाही. त्याचा ताप उतरला, पण मला परत बोलावणं आलेलं नाही. पट्ट्या ठेवतात म्हणे.

आणि मग शनिवारी बेकरीवाला स्वतः घरी आला. हे सगळ्यात वाईट. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं, ओरडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला येतं. पण तो टोपी हातात धरून आला, पायरीवर बसला, चहा घेतो म्हणाला आणि कपातल्या चहाला म्हणाला, ‘बाई, तुमच्या घराशी जुना संबंध आहे. मला सांगायला बरं वाटत नाही.’ मी म्हटलं, मग सांगू नका. तरी त्यानं सांगितलं. येत्या शुक्रवारी लोणी रडकं आलं तर पेटीत चांदणी बसेल आणि तीन पानं खाली, बिस्किटांमागे. तिथेही किती दिवस ते तो बोलला नाही. उठताना म्हणाला, ‘तुमची तब्येत बरी आहे ना?’ सगळं गाव डॉक्टर झालंय.

कोपऱ्यावरचीला हे कसं कळलं ते विचारू नकोस. त्याच संध्याकाळी नळावर ती भेटली, तोंडापुढे हात धरून हसली आणि हात काढून म्हणाली, ‘काय हो, अंगण वाकडं झालं म्हणे तुमचं?’ मी म्हटलं, माझं अंगण सरळ आहे, तू नाचून दाखव. पण घरी येईपर्यंत माझ्या घागरीतलं पाणी हिंदकळून निम्मं झालेलं होतं. ताई, तुला माहीत आहे, मला कोणी सुंदर म्हटलं नाही, शहाणी म्हटलं नाही, आणि गोड बोलते असं तर शत्रूसुद्धा म्हणणार नाही. लोक मला दोन गोष्टींनी ओळखतात, हातानं आणि तोंडानं. एक गेलं तर मागे राहील ते नुसतं तोंड, आणि त्यावर कोण किती दिवस नांदवून घेणार?

म्हणून काल मी थोडी साय बाजूला काढून एक शेवटचा उपाय केला. तुझ्या दिरांना मळायला बसवलं. हसू नकोस. सायीचं पीप मीच घुसळलं, लोण्याच्या कण्या मीच काढल्या, ताक ओतलं, धुतलं, आणि परात त्यांच्यापुढे सरकवली. ते पाटावर असे बसले जणू सुळावर बसवलंय. हात कोपरापर्यंत धुतले, नखं पाहिली, मग लोणी उचललं आणि सायकलच्या ट्यूबमध्ये पंक्चर शोधतात तसं चारी बाजूंनी दाबून बघायला लागले. मी म्हटलं, अहो, मळा, तपासू नका. मग त्यांनी मळलं, ते असं की कण्या पिचून त्याचं मलम झालं. मीठ दोनदा पडलं. एक गोळा कोपराला लागला, तो त्यांनी चाटला. पण एक सांगते, गोळा त्यांच्या हातात तरी टणक राहिला होता. मी ते बघितलं. त्यांनीही बघितलं. आम्ही दोघांनी काही बघितलं नाही असं केलं.

मग ते हात पुसत उठले, आणि दाराशी जाऊन, पाठ माझ्याकडे, म्हणाले, ‘तुमच्या आईंनी पण शेवटी फळ्याच घेतल्या होत्या.’

एवढंच. आणि गेले गायीकडे. मी तिथेच पाटावर बसून राहिले, परातीतलं मलम बघत.

असो. बाकी ठीक. भोपळ्याच्या बिया वाळवून ठेव, तुझा मुलगा फेकून देईल. भावजींना खिडकीतून उठव. मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा, आणि फळ्यांबद्दल मी जे वर लिहिलं ते रागानं लिहिलं असलं तरी खरं आहे.

तुझी धाकटी

ता. क. आता भांडं काढते पदराखालून. त्या फळ्या भिंतीवरून उतरव आणि पाठव. उसन्या. बुधवारच्या सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे दे, तो टक्कल पडलेला, दुसऱ्याकडे नको, दुसरा कोपऱ्यावरचीचा चुलत दीर लागतो. कापडात गुंडाळ, वरून जुना कागद, आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिही: लाटणी. कोणी विचारलं तर तुझी लाटणी जुनी झाली म्हणून बहिणीला दिली. आम्ही गुरुवारी पीप घुसळतो, शुक्रवारी बेकरीवाला. म्हणजे फळ्या बुधवारी पोचल्याच पाहिजेत, मला एक रात्र त्या गार पाण्यात बुडवून ठेवाव्या लागतील, नाहीतर लोणी लाकडाला चिकटतं. (हे मला माहीत आहे म्हणून चकित होऊ नकोस. आईला मीही बघत होते.) मी दार लावून मळीन. बाहेर सगळ्यांना हातचंच आहे असं सांगीन. हात फळ्या धरणारच आहेत, तेव्हा खोटंही नाही.

ता. क. आणखी एक. काल पाटावर बसले होते तेव्हा मी गुडघ्यांचा विचार केला. तुझ्या. तू मळणं माझ्याकडे दिलंस तेव्हा म्हणालीस, गुडघे दुखतात गं, आता तूच मळ. मी फुशारून घेतलं, मागचापुढचा विचार केला नाही. पण ताई, मळतात बसून. पीप घुसळतात उभ्यानं, टाचा वर करून. गुडघे दुखणाऱ्या बाईनं बसायचं काम सोडलं आणि शहरात जाईपर्यंत उभ्यानं पीप घुसळत राहिली? आणि भर थंडीत पिपाचं झाकण घेऊन वारा घालत होतीस, मी विचारलं तर म्हणालीस माश्या आहेत. थंडीत माश्या. आणि आई. फळ्या का गं आई, म्हटलं तर म्हणायची, स्वच्छता. आणि लोणी मळताना पाय पाण्याच्या घंगाळात, का, तर टाचांना भेगा. तुझे गुडघे, आईच्या भेगा, माझी मास्तरीण. तिघींनी मिळून बिचाऱ्या गायीपासून माश्यांपर्यंत सगळ्यांना नावं ठेवली, पण खरं एकीनंही सांगितलं नाही.

तर मी सांगते, कोणीतरी सांगायला पाहिजे. माझे हात तापतात. बसल्याबसल्या आतून चूल पेटल्यासारखं होतं, गळ्यापर्यंत चढतं, आणि हातात लोणी असेल तर ते सुटतं. झालं. लिहिलं.

आता तुला एकच विचारते आणि बुधवारपर्यंत उत्तर पाहिजे. हे हात परत गार होतात का? तुला लिहायची लाज वाटत असेल, तू लाजरीच आहेस, तर लिहू नकोस. होत असतील तर फळ्यांचं भोक तसंच ठेवून पाठव, माझं काम झालं की त्या परत तुझ्या सोफ्यावर येतील, मग वाजव हवं तेवढं वाद्य. होत नसतील, तर भोकात लाकडाची खुंटी ठोकून, घासून, नीट बुजवून पाठव. मी समजेन.